पोपटाले गाठ सोडता येत नाई

वैनी, काल दुपारी तू वावरात आल्ती.

मी माळ्यावर पडलो व्हतो. चार बल्ल्या गाडून वर बाज बांधलेली, तोच आपला पाखरं राखाचा माळा. वारा सुटला का पाळण्यावानी हालते. खाली जवारी सळसळ करून राह्यली, अन् त्या सळसळीत तुह्या बांगड्या वाजल्या. मी डोळे उघडले नाई. डोळे उघडले का तू निघून जाते, येवढं या महिन्याभरात मले समजलं हाय.

डोक्यावर टोपलं, एका हातानं लुगड्याचा काठ वर धरलेला, वावराच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं, तू येऊन राह्यली. माळ्याखाली उभी राह्यली अन् म्हणे, "भाऊजी, राखण करून राह्यले का झोपा काढून राह्यले?"

मी म्हटलं, "दोन्ही. एका डोळ्यानं राखण, एका डोळ्यानं झोप."

"मंग उघडा कोणता हाय?"

माह्यापाशी जवाब नोता. तू जित्ती असतानी बी नसे. साऱ्या गावाले हसवणारा मी, पण घरात आलो का मस्करीत माहा नंबर दुसरा. जवाब सुचला तवा डोळे उघडले, अन् धुऱ्यावर नुसतं ऊन.

हे मी तोंडानं सांगून राह्यलो. लिहून राह्यला तो दादा. माहा मोठा भाऊ, तुहा नवरा. तो चौथीपावतर शिकला. मी दीड दिवस शाळेत गेलो. पहिल्या दिवशी मास्तरनं मले बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसातच आपल्या मनानं निघालो, म्हटलं मास्तरले काहून तरास.

दादा माळ्याखाली कुटाराच्या पोत्यावर बसला, मांडीवर फळी, फळीवर कागद. म्हणे, "वर काय लिहू?"

मी म्हटलं, "नाव लिही तिचं."

दादा पेन्सिल धरून बसला. किती येळ बसला. मंग माह्या ध्यानात आलं, या माणसानं आजपावतर तुहं नाव तोंडातून काढलं नाई. "ऐकलं काय वं," हेच तुहं नाव व्हतं आमच्या घरात. शेवटी त्यानं काईतरी लिहिलं. मी इचारलं, काय लिहिलं? म्हणे, "वैनी."

"अरे, ते तं मी म्हणतो तिले."

"मंग तुहंच पत्र हाय ना. सांग पुढं."

तं पुढं सांगतो.

तू लगन होऊन आली तवा मी मिसरूड फुटलेला गडी. अचलपूरकडची नवरी येणार म्हणून मी गावात सांगत फिरलो का आता घरात शहाणं माणूस येते, तवर मले संभाळून घ्या. मृग लागला. तिफण जुपली. गावात रीतच हाय, घरच्या बाईनं ओटीत बी घ्याचं अन् तिफणीच्या चाड्यात मुठीनं सोडाचं. तू चाड्यापाशी उभी राह्यली, अन् घरचं बी सोडाच्या आधी पदराची गाठ सोडली. त्यात ओंजळभर जवारी. तुह्या मायनं वाटे लावतानी बांधून देल्ली. वाणी व्हती ती, हुरड्याची.

वाणी तं साऱ्या वऱ्हाडात असते. पण तुह्या मायची वाणी येगळी. निखाऱ्यात कणीस धरलं अन् हातावर एक डाव चोळलं का दाणा टरफलातून असा निघे, जसा लहान लेकरू आंगड्यातून निघते. हिरवा, कवळा, अन् गोड. पहिल्या साली मी तो हुरडा खाल्ला अन् बोललो नाई. सांज होईपावतर बोललो नाई. दादा घाबरला, म्हणे याले काई झालं का.

धुऱ्याकडचे चार तास, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, तुह्या वाणीचे. ते कोणी मोडाचे नाई, ठरूनच गेलं. दाणा भराले लागला का तू त्या चार तासात हिंडे. लोक देवळात हिंडते तशी. एकेक कणीस हातात घे, वजन पाहे, मान वाकडी करून पाहे, सोडून दे. साऱ्यात बेस अकरा कणसं निवडे अन् जुन्या लुगड्याची चिंधी प्रत्येकाच्या तोंडावरून बांधून टाके, पाखराची चोच लागू नये म्हणून. ते पुढच्या सालाचं बी. वाळलं का चुलीवरच्या आढ्याले टांगाचं, धुरात. मंग राखेत घोळून मडक्यात.

मी इचारलं, "वैनी, साऱ्यात बेस ते बांधून ठेवाचं, अन् खराब आपण खायाचं?"

"खराब नाई हो. दुसऱ्या नंबरचं."

"मी बी घरात दुसऱ्या नंबरचाच हाय."

"म्हणून तं तुमाले कोणी चिंधी बांधली नाई."

वैनी, मी ते साऱ्या गावाले सांगतलं. लोक हसले. मी बी हसलो. पण तुनं म्हटलेलं पुढचं मी कोणालेच सांगतलं नाई. तू म्हणे, "भाऊजी, बेस कणीस तोंडात घालाचं नसते. ते आपलं नसते. ते येणाऱ्या सालाचं असते, आपण नुसते राखणदार."

राखणदार. अन् राखणीले कोण, तं मी.

आता माह्या सोयरिकीचं. दादा, जरा हळू सांगतो, लिही.

तीन जागी मी नापास झालो व्हतो. एका जागी पोरीच्या बापानं इचारलं, "काय करता?" मी म्हटलं, "दादा करते. मी पाह्यतो." दुसऱ्या जागी इचारलं, "दारू-गांजा?" मी म्हटलं, "सध्या नोको, जेवण झाल्यावर पाहू." मस्करी व्हती. त्यायनं जेवणच देल्लं नाई. तिसऱ्या जागी मी तोंड घट्ट मिटून बसलो, तं ते म्हणे पोरगा मुका हाय.

मंग तुनं मनावर घेतलं. अकोटाकडचा एक पाव्हणा काढला. तू म्हणे, "घरी नोका बोलवू. घरी आला तं तो छपराकडं पाहीन. वावरात बोलवा, हुरड्याले. वावरात तो पीक पाहीन. अन् भाऊजीचं तोंड हुरड्यानं भरलेलं राहीन, तं बोलणं कमी होईन."

दादा बी हसला त्या दिवशी. दादा आता बी हसून राह्यला, लिहिता लिहिता.

मले काम एकच देल्लं. आठ दिवस वाणीचे चार तास राखाचे. गोफण देल्ली, गोट्यायचा ढीग देल्ला, तुनं भाकर-ठेचा माळ्यावर आणून देल्ला. सात दिवस मी राखण केली. आठव्या दिवशी, पाव्हणे येणार त्याच दिवशी, ऊन वर आलं, वारा सुटला, माळा हालाले लागला. मले वाटलं एक डोळा मिटून पाहू. दुसऱ्या डोळ्याले एकटं बरं वाटलं नाई, तो बी मिटला.

सपनात वरात आली. माहीच. सारे वऱ्हाडी हिरवे फेटे बांधलेले, लाल उपरणी. किती आनंदानं बोलून राह्यले सारे एकदम. मी हात जोडले, म्हटलं या, बसा, जेवा, लाजू नोका. एकेकाले बसवलं. पोटभर जेवले वैनी, कोणाले नाई म्हटलं नाई मी.

जाग आली तं पोपट उडून राह्यले व्हते. चार तासात एका बी कणसावर दाणा राह्यला नोता. हे सारे मीच जेवाले बसवले व्हते. राह्यली व्हती ती चिंधीतली अकरा.

दादा यष्टीच्या फाट्यावर गाडी घेऊन गेल्ता, पाव्हण्यायले आणाले. तू घरी ताक घुसळत व्हती. वावरात मी एकटा, अन् फाट्याकडून बैलायच्या घुंगराचा आवाज येऊन राह्यला.

वैनी, मी आजपावतर तुले जे बोललो नाई ते हे हाय. चिंध्या पोपटायनं नाई सोडल्या. मी सोडल्या. तुही गाठ दुहेरी, नखानं सुटे ना, तं मी दात लावले. दहा सोडल्या. अकरावी सुटलीच नाई.

इथं दादाची पेन्सिल थांबली. मी वरून पाह्यलं नाई. माळ्याच्या बाजेतून खाली पाह्याची माही हिंमत झाली नाई. खालून तो म्हणे, "दात लावले. पुढं?"

पुढं मी आगटी पेटवली, दहा कणसं भाजली. अकोटाकडचा तो पाव्हणा, आताचा माहा सासरा, खाऊन राह्यला अन् डोळे मिटून राह्यला. त्याचा भाऊ म्हणे असा हुरडा जल्मात खाल्ला नाई. मी काई बोललो नाई, कारण माह्या तोंडात खरोखरच हुरडा व्हता. अन् तो मले गोड लागला वैनी. तेवढं बी पाप मी पुरं केलं.

सासरा उठला, तासात हिंडला, अन् ते अकरावं बांधलेलं कणीस त्याले दिसलं. म्हणे, "हे काय बांधलं?" आता माह्या अंगात जावई आला व्हता. म्हटलं, "बियाचं हाय. न्या तुमी. तुमच्यासाठीच ठेवलं." त्यानं कापलं अन् चिंधीसकट झोळीत टाकलं. सोयरीक त्याच जागी पक्की झाली. म्हणे पोराची मस्करी सोडा, हात सढळ हाय.

तू ताक घेऊन आली, पाव्हण्यायले देल्लं. ते गेले. मंग तू चार तासात गेली. मी पाठीमांगं. तुनं खाली पडलेली एक चिंधी उचलली, सुटलेली गाठ पाह्यली, काठ माह्या दातानं ओला व्हता तो पाह्यला.

"काय झालं भाऊजी?"

"पोपट," म्हटलं.

तुनं माह्याकडं पाह्यलं. "भाऊजी, पोपटाले गाठ सोडता येते का?"

खरं माह्या ओठावर आल्तं वैनी. आईची आण. पण माह्या तोंडातून खरं अन् मस्करी एकाच दारानं निघते, अन् मस्करीचे पाय लांब. मी म्हटलं, "आजकालचे पोपट लय शिकले हाय वैनी. माह्यासारखे नाई."

तू हसली नाई. एकेक चिंधी येचली. दहा. इकडंतिकडं पाह्यलं, अकरावी दिसली नाई. मंग तुनं जवारीचा एक धांडा मोडला, दातानं सोलला, चघळला. म्हणे, "मायच्या वावराची चव हाय अजून. धांड्यात हाय." अन् धुऱ्यानं घरी गेली.

त्याच उन्हाळ्यात तुही माय वारली व्हती. तुह्या भावानं वावर दुसऱ्याले देऊन टाकलं अन् परतवाड्याले लाकडाच्या वखारीत नोकरी धरली. त्या वाणीचं बी दुनियात दुसऱ्या कोणापाशी नोतं. हे मले त्या दिवशी माईत व्हतं. माईत असून दात लावले.

दुसऱ्या दिवशी न्याहारी वाढतानी तू म्हणे, "घ्या पोपटराव." त्या दिवसापासून मी पोपटराव. लोकायले वाटे वैनी दिराची मस्करी करते. तू कधी कोणाले सांगतलं नाई काहून ते. मिरची वाढे तं म्हणे, पोपटाले आवडते. लगनात मले हळद लावतानी म्हणे, आता पिंजऱ्यात जाते. मी हसे. दर डावा वाटे का आता सांगून टाकू, अन् दर डावा एखादा इनोद आडवा येऊन उभा राहे. मी त्याले म्हणो, बाप्पा, जरा सरक. तो सरके नाई.

पुढच्या मृगाले मी परतवाड्याच्या बजारातून वाणीचं बी आणलं. तुले म्हटलं, तुह्या माहेराकडचंच हाय. तुनं पेरलं. हुरडा आला तं खडा. चोळून चोळून माह्या हाताची साल निघाली, दाण्याची निघाली नाई. तुनं चार दाणे तोंडात टाकले, चावत राह्यली, चावत राह्यली. मी म्हटलं, कसा हाय? तू म्हणे, "गोड हाय."

तू माह्यासाठी खोटं बोलली. मी माह्यासाठी बोललो व्हतो. येवढाच फरक, पण तो फरक लय मोठा हाय, मले आता समजते.

अन् खरी वाणी कुठी व्हती? माह्या सासऱ्याच्या वावरात. त्या एका कणसाचे त्यानं दुसऱ्या साली सहा तास केले. दर साली मी हुरड्याले जावो, जावई म्हणून पाटावर बसो, अन् तुह्या मायचा हुरडा पोटभर खावो. आणाचं तुह्यासाठी, तं सांगू काय, कुठून आला? माही बायको कौसल्या भोळी. तिले काईच माईत नाई. ती माहेराहून येतानी वैनीसाठी म्हणून फडक्यात हुरडा बांधून घे. मंग मी काय करो, दादा हे बी लिही, यष्टीत बसलो का ते फडकं मांडीवर घेऊन खाले लागो. अकोटापासून तेल्हाऱ्यापावतर. सारा. कौसल्या म्हणे, अवो, वैनीसाठी हाय. मी म्हणो, मले भूक लागली. घरी येऊन पोट धरून बसो, अन् तू मले ओवा दे, म्हणे, "काय खाल्लं भाऊजी सासरी?" मी म्हणो, "काई नाई."

तुहाच हुरडा खाऊन तुह्याच हातचा ओवा. माह्यासारखा चोर तेल्हारा तालुक्यात झाला नसन.

माहं पहिलं पोरगं झालं ते कौसल्याच्या माहेरी. बारशाले तू गेली. मी दारात बसलो व्हतो, पाव्हणे मोजत. तू आत सैपाकघरात गेली, अन् मले आठवलं. सासऱ्यानं ती अकरावी चिंधी तशीच ठेवली व्हती. गाठ न सोडता त्यातच बी भरून चुलीवर टांगे. निळ्या चौकड्याचं तुहं लुगडं, तुही दुहेरी गाठ, जशीच्या तशी.

सासऱ्याचा आवाज मोठा. साऱ्या घरात ऐकू गेलं, "ते तुमच्याच वावरातलं हाय बाई. आमच्या जावईबापूनं देल्लं, हुरड्याच्या दिवशी."

मी दारात बसल्या बसल्या मेलो. आता वैनी काय बोलते.

तू म्हणे, "हो. मीच त्यायले म्हटलं व्हतं, पाव्हण्यायले द्या म्हणून."

येवढ्या बायकायत, येवढ्या माणसायत तुनं मले झाकलं. चिंधी बांधल्यावानी.

येतानी गाडीत तू मांगं बसली, मी बैल हाकत व्हतो. दोन कोस गाडी आली. मंग म्हणे, "भाऊजी, तुमच्या सासरचे पोपट बरे हाय. गाठ सोडत नाई, बांधून ठेवते." मी बैलाच्या शेपटीकडं पाहत राह्यलो. आजपावतर कोण्या बैलाच्या शेपटीकडं कोणी इतकं ध्यान देल्लं नसन.

माह्या सासऱ्यानं तुले सूपभर बी देल्लं असतं. तू मांगतलं नाई. मले वाटलं इसरली. वैनी, मी बुद्धीनं इतका मंद हाय का तू थांबून राह्यली हे समजाले मले इतके साल लागले. तुले बियाणं नोतं पायजे. तुले पायजे व्हतं का मी आणून द्यावं.

दर मृगाले म्हणो, यंदा आणतो. तेवढ्यात हायब्रेट जवारी आली. दादानं सारं वावर हायब्रेटचं केलं. तुमचं दोघायचं भांडण त्या दिवसापासून सुरू झालं ते सरलंच नाई. तू म्हणे, "हिची भाकर थापली का कडेनं फाटते. ढोरं कडब्याले तोंड लावत नाई. उशिरा पाणी आलं का दाणा काळा." दादा म्हणे, "पोतं भरते ना? मागच्या सालापावतर भाद्रपदात कण्या खात व्हतो आपण. यंदा भाकर खाल्ली का नाई?" तू चुलीतलं लाकूड सारे. मंग म्हणे, "खाल्ली. पोट भरलं. नाई म्हणत नाई मी. पण माणूस पोट भरल्यावर बी काई खाते का नाई?"

मले दोघं बी इचारे, कोणाचं खरं? मी म्हणो, दादाची पोळीभर बाजू खरी अन् वैनीची भाकरभर. दोघं बी मले उठवून लावे. आता त्या भांडणात दादा एकटाच उरला. परवा जेवतानी त्याची भाकर कडेनं फाटली. त्यानं ती तशीच ताटात ठेवून दाराकडं पाह्यलं. कोणी काई बोललं नाई, तं त्यानं ती उचलली अन् खाल्ली.

यंदा उन्हाळ्यापासून तुह्या अंगात बारीक ताप राहाले लागला. भाकर थापतानी तू मधातच बसून जाय. तवा मले भेव वाटलं. मी सासऱ्याकडं गेलो अन् हात पसरला. बुडा म्हणे, "इतक्या सालानं जावईबापूले बियाची याद आली?" मी म्हटलं, "मले याद उशिराच येते, मामाजी." ओंजळभर घेतलं, पंच्याच्या गाठीत बांधलं. या डावा यष्टीत बसून खाल्लं नाई.

कौसल्यानं चाड्यात सोडलं. धुऱ्याकडचे तेच चार तास. तुले सांगाचं नाई असं मी तिले बजावलं. मी म्हटलं, दाणा भरू दे, पहिलं कणीस भाजतो, हातावर चोळतो, वैनीच्या ओंजळीत टाकतो, अन् मंग सांगतो का वैनी, पोपटाले गाठ सोडता येत नाई. इनोद सांगणाऱ्याले येळ साधता आली पायजे ना. आधी सांगतलं का मजा जाते. साऱ्या जल्मात मले एवढीच कला येते, येळ साधाची. अन् तिथंच मी चुकलो.

तू भाद्रपदाच्या शेवटी गेली. कणसं तवा नुसती निसवली व्हती. दाण्याच्या जागी फूल.

शेवटच्या दिवसात मी तुह्या बाजेपाशी बसलो व्हतो. तू डोळे मिटून म्हणे, "यंदा राखण कोण करते?" मी म्हटलं, "मीच." तुह्या तोंडावर हसू आलं. म्हणे, "झोप लागली तं लागू द्या भाऊजी. वारा लय बरा असते माळ्यावर." मले वाटलं तापात बोलून राह्यली, हायब्रेटच्या राखणीचं इचारून राह्यली.

तेरवी झाली. मी माळ्यावर येऊन बसाले लागलो. चार-पाच दिवसाखाली कौसल्या भाकर घेऊन आली, अन् भाकरीखालून एक पुडकं काढलं. म्हणे, "वैनीनं देल्लं व्हतं. म्हणे दाणा भरल्यावर द्या, त्याच्या आधी नोको."

सोडलं तं चिंध्या. अकरा. दहा जुन्या, धुऊन धुऊन पातळ झालेल्या, त्यातल्या काईच्या काठाले अजून दाताचे भोकं. अन् एक नवी, तुह्या या सालच्या लुगड्याची.

मी म्हटलं, "तिले माईत व्हतं? कोणं सांगतलं?"

कौसल्या म्हणे, "कोणी काहून सांगाले पायजे? पोळ्याच्या चार दिवस आधी त्या गाडीत बसून वावरात आल्त्या ना. तुमची वाणी माणसापेक्षा उंच, अन् आजूबाजूले हायब्रेट छातीइतकी. बकऱ्यायच्या मांगं उंट लपवला तुमी. त्या दिसताच हसल्या. घरी जाऊन लुगडं फाडाले बसल्या. मले म्हणे, भाऊजीले सांगू नोका का मी पाह्यलं. त्यायले सांगाची लय हौस हाय. सांगू द्या."

वैनी, तू माहा इनोद संभाळून ठेवला. तुले माईत व्हतं तुह्यापाशी दिवस नाई. तरी तू मले मधातून तोडलं नाई.

हे सांगून झालं. मी म्हटलं, "दादा, लिहिलं का? तुले बी आजच समजलं. मले मारायचं असन तं मी खाली येतो."

दादा म्हणे, "आगटीपाशी मी बसलो व्हतो ना त्या दिवशी. मले का वाणीची चव समजत नाई? अन् पोपटायनं सारं खाल्लं तं दहा कणसं आली कुठून? मले तवाच समजलं. मी तिले नाई बोललो. म्हटलं तुही सोयरीक मोडन." मंग म्हणे, "ती बी मले नाई बोलली. तिले वाटलं मी तुले मारीन."

म्हणजे पाह्य वैनी. तुले माईत, दादाले माईत, बैलाले बी माईत असन. साऱ्या घरात एकच माणूस फसला व्हता, अन् तो मी.

काल सकाळी मी अन् दादानं मिळून चार तासातून अकरा कणसं निवडली. मले निवडता येत नाई, मले सारीच बेस दिसते. दादानं एकेक हातात घेतलं, वजन पाह्यलं, मान वाकडी करून पाह्यली, तुह्यासारखी. तो हे कधी शिकला ते मले माईत नाई. तुह्याकडं पाहत असन कुठून तरी. चिंध्या मी बांधल्या. दुहेरी गाठ. दात लावून ओढून पाह्यल्या, सुटत नाई.

मंग पहिलं दुसऱ्या नंबरचं कणीस भाजलं. चोळलं. ओंजळ केली, अन् ओंजळ कोणापुढं धराची ते समजलं नाई, तं दादापुढं धरली. त्यानं चार दाणे उचलले. चावत राह्यला. बोलला नाई, सांज होईपावतर बोलला नाई.

आता तो म्हणे, कागद सरत आला, काई उरलं का? मी म्हटलं, नाई. तं त्यानं फळी जवळ ओढली अन् खाली आपल्या मनानं एक ओळ लिहिली. मी वरून वाकलो तं त्यानं कागद छातीशी धरला. वैनी, मले वाचता येत नाई हे त्याले पक्कं माईत हाय. तरी लपवला. कान लाल झाले व्हते त्याचे. मले वाटते त्यानं तुहं नाव लिहिलं.

म्हटलं, थांब, माही बी एक ओळ उरली, ती त्याच्या खाली लिही.

चार तासातला एक तास मी राखणार नाई वैनी. धुऱ्याकडचा, शेवटचा. गोफण खाली टाकली हाय. इतके साल ज्यायच्यावर आळ घेतला त्यायले एक डाव तरी बोलवून जेवाले बसवलं पायजे. सपनात नाई, जागेपणी. दुपार होऊन राह्यली, वारा सुटला हाय, माळा हालून राह्यला. हिरवे फेटेवाले येतच असन. आज माहे दोन्ही डोळे उघडे हाय. पण तू धुऱ्यानं येशीन तं सांग, मी मिटून घेतो.